वाचणाऱ्याचे जलरंगातील चित्र

व्यक्तिचित्र काढावयाचे म्हटले म्हणजे समोर बसण्यास मनुष्य मिळणे हीच पहिली अडचण. मुद्दाम बसविलेला मनुष्य पाच मिनिटांत अवघडतो. वाचनात गढलेला मनुष्य मात्र आपणांस विसरून जातो. पैनगंगेच्या अलीकडील आपल्या गावांत ओसरीवर पोथी घेऊन बसलेले आजोबा अजून आढळतात. चित्रकारास याहून चांगला आदर्श कोणता?

गेल्या संक्रांतीच्या सुटीत आम्ही तीन विद्यार्थ्यांसह अशाच एका आजोबांकडे गेलो. त्यांच्या घरातील मुले आता तेलुगू व इंग्रजी वाचतात. मराठी पोथी उघडणारे ते एकटेच उरले आहेत. म्हणूनच हे चित्र भिंतीवर लावावे, अशी त्यांच्या सूनबाईंची फार इच्छा होती. आमचे पहिले चित्र पाहून आजोबा हसले आणि म्हणाले, "अरे बाळांनो, मी वाचतो आहे की डुलकी घेतो आहे?"

आजोबांचे म्हणणे खरे होते. वाचणाऱ्याच्या पापण्या खाली झुकलेल्या असतात, आणि आम्ही त्या मिटलेल्याच रंगविल्या होत्या. नीट न्याहाळल्यावर दिसले की, वरच्या पापणीखाली काळसर अशी एक बारीक फट असते. भुवईजवळ किंचित ताण असतो. पोथीच्या ओळीवर ठेवलेले बोटही जागे असते. झोपलेल्याचे बोट सैल पडते. चेहऱ्याइतकाच वेळ हाताला द्यावा, असे आमचे मत त्या दिवशी बनले.

याच्या उलट चूकही पुष्कळांकडून होते. डोळे दिसावेत म्हणून वाचणाऱ्यास आपल्याकडे पाहावयास लावतात! फ्रान्समधील चित्रकार फ्रागोनार याने १७६९ च्या सुमारास वाचणाऱ्या तरुणीचे एक प्रसिद्ध तैलचित्र काढले. क्ष-किरणांनी तपासता असे आढळले की, तेथे आधी प्रेक्षकाकडे वळलेला चेहरा होता. चित्रकाराने तो मागाहून पुस्तकाकडे वळविला.

आता रंगांविषयी. निर्मळची चित्रे आपण पाहिली असतील. तेथे गडद भूमीवर उजळ व सोनेरी रंग चढवितात. जलरंगाची रीत नेमकी उलटी आहे. येथे कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश होय. तो एकदा झाकला की पूर्ववत मिळणे कठीण. म्हणून उघड्या पानाची जागा आरंभीच कोरी सोडावी. पान जेथे शिवणीकडे वळते तेथे निळसर करड्या रंगाचा पातळ हात द्यावा. अक्षरे काढू नयेत. चार फिकट रेघा पुरेत.

पानावर पडलेले ऊन उसळून हनुवटीखाली व नाकाखाली जाते. त्यामुळे तेथील सावली काळी नसते, उबदार असते. पिवळ्या मातीच्या रंगात थोडा तांबडा मिसळून पातळ थर द्यावा, तो सुकू द्यावा आणि मगच दुसरा द्यावा. ओल्या थरावर घाईने कुंचला फिरविल्यास रंग गढूळ होतो. आमच्या पहिल्या चित्राचा गालही असाच बिघडला होता.

खालून येणाऱ्या प्रकाशाने चेहरा कसा उजळतो हे पाहावयाचे असल्यास सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' पाहावे. १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हाती दिवा घेतलेल्या त्या स्त्रीसाठी त्यांची स्वतःची कन्याच उभी राहिली होती. बोटांतून झिरपणारा तो उजेड तैलरंगातही अवघड. त्यांनी तो जलरंगात साधला.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आजोबा वाचत राहिले, मधूनच पान उलटीत, आणि प्रत्येक वेळी आमचा हात थांबे. तिसरे चित्र पुरे झाले तेव्हा त्यांनी चष्मा सावरून ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अध्याय कोणता चालला आहे, ते लिहिले नाही का?" सूनबाईंनी चित्रामागे अध्यायाचा आकडा लिहून घेतला.