अल्बर्टोची धाव

मॅरेथॉन ही पायी धावण्याची शर्यत. अंतर ४२ किलोमीटरांहून थोडे जास्त. एवढ्या वाटेला बैलगाडीचा सारा दिवस जातो. चांगले धावणारे गडी ती सव्वादोन तासांत पुरी करतात.

आज आम्ही अल्बर्टो सालाझारची हकीकत सांगणार आहोत. त्याचा जन्म १९५८ साली क्यूबा देशात झाला. बाप आधी कॅस्ट्रोच्या बाजूचा. पुढे त्यांचे बिनसले. मग सारे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आले.

पोरगा जिद्दीचा निघाला. १९८० साली न्यूयॉर्कला पहिलीच मॅरेथॉन धावला नि जिंकला. पुढची दोन वर्षेही तीच शर्यत त्याने मारली.

१९८२ च्या एप्रिलात बॉस्टन शहरची शर्यत होती. ऊन कडक. डिक बिअर्डस्ली हा गडी शेवटपर्यंत त्याच्या बरोबरीने होता. अल्बर्टोने वाटेत पाणी फारसे घेतलेच नाही. दोन सेकंदांनी तो जिंकला नि मग कोसळला. शिरेतून सहा लिटर सलाईन द्यावे लागले. तुम्ही म्हणाल, केवढी ही हिंमत! आम्हांलाही आधी तसेच वाटले. पण घामावाटे पाणी जाते, मीठ जाते. ते भरून आले नाही तर घाम आटतो नि अंगातली उष्णता आतच कोंडते. उन्हात कापणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पुढे त्याची धाव पहिल्यासारखी राहिली नाही. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तो पंधरावा आला.

मग तो इतरांना शिकवू लागला. ओरेगॉन राज्यात त्याचे धावपटू एका खास घरात राहत. घरातल्या हवेतला प्राणवायू यंत्राने कमी केलेला, जणू उंच डोंगरावरचे घर! अशा हवेत राहून रक्तातले लाल कण वाढतात, दम टिकतो. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्याचे शिष्य मो फारा नि गॅलन रप पहिले-दुसरे आले. फाराही परदेशातून, सोमालियाकडून इंग्लंडात आलेला.

२०१९ साली मात्र उत्तेजक औषधांचे नियम मोडल्याबद्दल सालाझारवर चार वर्षांची बंदी आली. त्याने अपील केले, तरी २०२१ साली बंदी कायम राहिली. फारा नि रप यांच्यावर तसा दोष आला नाही.

आमच्या मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. मेरी केन ही त्याची तरुण शिष्या. वजन कमी कर, असा आपल्यामागे सारखा तगादा असे, असे तिने २०१९ साली उघड सांगितले. ती म्हणाली, तीन वर्षे पाळी आली नाही, पाच हाडे मोडली. सालाझारने आरोप नाकारले. आपले बोलणे कुणाला टोचले असेल तर वाईट वाटते, एवढे मात्र तो म्हणाला.