वाटणी आधी मनात, मग कागदावर



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे तक्रार घेऊन येतो : भाऊ वाटणी देत नाही, त्याला सांगा. प्रभू वाटणी करायला नकार देतो, लोभापासून सावध करतो आणि कोठारे वाढवणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो. त्या शेतकऱ्याने पुढच्या अनेक वर्षांचे सगळे ठरवले होते. आपल्यामागे हे कोणाचे होणार, एवढेच ठरवले नव्हते. आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

दफनाच्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेली भावंडे महिन्याच्या मिस्साला वेगवेगळ्या बाकांवर बसलेली आम्ही वेदीवरून पाहिली आहेत. दर वेळी त्यामागे दुष्टपणाच असतो असे नाही. गेलेल्या माणसाने काही लिहून ठेवलेले नसते आणि जो तो आपल्या समजुतीप्रमाणे कायदा सांगत असतो.

कायदा काय सांगतो?

आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू नाही. ख्रिस्ती माणसासाठी भारतीय वारसा कायदा, १९२५ आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे मिळते. अठरा लाखांची मालमत्ता, पत्नी आणि तीन मुले असतील, तर पत्नीला सहा लाख आणि प्रत्येक मुलाला चार लाख. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुलगी लग्न होऊन गेली तरी तिचा हिस्सा जात नाही. पत्नी आधी वारली तर तिच्या मालमत्तेत पतीलाही असाच हिस्सा आहे.

तीन गोष्टी आपल्या लोकांना ठाऊक नसतात. पहिली : पत्नी आणि मुले असतील तर मृताच्या आईवडिलांना काहीच मिळत नाही. दुसरी : आधी वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना मिळतो, पण त्याच्या विधवेला स्वतःचा हिस्सा नाही. तिसरी : वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सा, ही कल्पना या कायद्यात नाही. वडील हयात असेपर्यंत त्यांचे ते त्यांचेच. म्हणून म्हातारी आई किंवा विधवा सून घरात असेल, तर मृत्युपत्र न करणे म्हणजे तिला दुसऱ्यांच्या दयेवर सोडणे होय.

बहिणीची सही

वडील गेले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. "लग्नात दिले ना?" असे म्हणतात. तिने समजून-उमजून, आनंदाने सोडले तर तो तिचा मोठेपणा. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही मात्र दान नव्हे. गणना ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त असल्याचा निवाडा परमेश्वर स्वतः देतो. केरळमध्ये त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी ते मिळे. मेरी रॉय यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने १९२५ चाच कायदा तिथे लागू असल्याचे ठरवले. आपल्या मुलींना कोर्टात जावे लागू नये.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'कालनिर्णय' आपल्या घराघरांत भिंतीवर असते. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तले. त्यांनी मृत्युपत्र केले होते. पण काही गुंतवणुकींवर लावलेल्या नॉमिनींचा हक्क काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला : नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याची. दहा वर्षे गेली. म्हणून पासबुकावरचे नाव आणि मृत्युपत्रातले नाव एकमेकांशी जुळते का, ते पाहा.

मृत्युपत्र कसे करावे?

साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि त्यांनीही आपल्यासमोर सही करावी. ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये. केल्यास त्याला दिलेले रद्द होते. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मृत्युपत्रानंतर लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, हे पुनर्विवाह करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जमिनीच्या वारसनोंदीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्यावा.

हयातीतच सगळे मुलांच्या नावावर करण्याची घाई नको. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३३ व्या अध्यायातही हाच सल्ला आहे : आपला जीव आहे तोवर दुसऱ्याच्या हाताकडे पाहण्याची वेळ आणू नका. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे दाद मागता येते.

शेवटी एक विचार

संत थॉमस अक्विनास म्हणतात की मालमत्ता मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार माणसाला आहे, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला दिले पाहिजे. कायदा तुम्हांला हवे त्याला द्यायची मोकळीक देतो. म्हणूनच विवेकावरची जबाबदारी वाढते. चर्चला मृत्युपत्राने देण्यावर पूर्वी बंधने होती. केरळच्या एका धर्मगुरूच्या याचिकेवर ती २००३ मध्ये रद्द झाली. तरीही आम्ही सांगतो : आधी घरातल्या आईचा आणि विधवा सुनेचा विचार करा, मग चर्चचा.

आम्ही वकील नव्हे. कागद करताना वकिलाचा सल्ला घ्या. साक्षीला बोलावलेत तर आनंदाने येऊ. मात्र त्या कागदात आमच्या नावे काही नको!

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी :
१. आपल्या घरातले कागद कुठे आहेत, हे पत्नीला ठाऊक आहे का?
२. आपल्यामागे सर्वांत निराधार कोण होईल?
३. कोणाशी वाटणीवरून अबोला आहे? पुढच्या रविवारच्या मिस्साआधी पहिले पाऊल कोण टाकणार?

परमेश्वर तुमच्या घरांना शांती देवो.

तुमचे धर्मगुरू