जाळ बसू दे, मग कणीस

लेकरा, परवा फोनवर विचारलंस, "आजोबा, बर्गरची टिक्की कोळशावर टाकली की वरून करपते अन् आतून कच्चीच राहते, काय करू?" बर्गर मी अंबाजोगाईत एका गाड्यावर नुसता बघितलाय, खाल्लेला नाही. पण तुझी चूक मला इथं ओट्यावर बसून कळली. तू जाळावर भाजतोयस. भाजायचं असतं निखाऱ्यावर. इकडं बालाघाटाच्या रानात पन्नास हिवाळे हुरडा भाजून एवढं तरी कळलंय. तर हुरड्याचं सांगतो, त्यातून तुझं तू काढ.

आगटी वाऱ्याच्या आडोशाला कर. वीतभर खोल, हात-दीड हात रुंद खड्डा पुरे. त्यात गवऱ्या रच, लाकूड नको. लाकडाचा जाळ उंच जातो, गवरी सावकाश जळते, आच एकसारखी देते आणि मागं मऊ राख ठेवते. रानात वेचलेल्या शेण्या मिळाल्या तर थापलेल्या गवऱ्यांना हातसुद्धा लावू नकोस. पेटवायला चार तुराट्या मोड. रॉकेल ओतून आगटी पेटवणाऱ्याच्या हातचा हुरडा मी खात नाही, वास दाण्यात उतरतो.

आता बसून राहायचं. पोरांना नेमकं हेच जमत नाही. धूर संपू दे, जाळ बसू दे, निखाऱ्यावर राखेची पांढुरकी साय धरू दे. मग हात वीतभर वर धर. चार आकडे मोजेपर्यंत टिकला तर आच बेताची. आधीच ओढावा लागला तर अजून एक तंबाखूची चिमूट होईल एवढा वेळ थांब. (तू तंबाखू खाऊ नकोस, मापासाठी म्हटलं.)

कणीस ओळखायचं नखानं. दाणा दाबल्यावर दूध उडालं तर ते चिकात आहे, चार दिवस राहू दे. टणक लागला तर त्याची ज्वारी झाली, ती भाकरीला. मळलेल्या कणकेसारखा दबला, तो हुरडा. ही अवस्था फार दिवस टिकत नाही, म्हणून माझे वडील हुरड्याची तासं आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरायचे; संक्रांतीच्या मागंपुढं रोज कुठलं ना कुठलं कणीस तयार असायचं. वाण सुरती, गूळभेंडी नाहीतर कुचकुची. मालदांडीचाही होतो, पण ती गोडी नाही. आता परभणीच्या विद्यापीठानं 'परभणी वसंत' आणि राहुरीनं 'फुले मधुर' असे खास हुरड्याचेच वाण काढलेत.

कणीस कापलं की आगटीत. सकाळी कापून दुपारी भाजलंस तर गोडी निम्मी उतरते. दांडा हातभर ठेव, कणीस गरम राखेत खुपस आणि फिरवत राहा. जाड कणीस कडेला, बारीक मधे. दाणे तडतडायला लागले की काढ, झटक आणि गरम आहे तोवरच तळव्यानं चोळ. गार झालं की दाणा बोंड सोडत नाही. हात भाजतात, त्याला इलाज नाही. सुपात पाखडून लगेच पानावर वाढायचं. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. वरून पाणी पिऊ नये, ताक प्यावं, असं आमची आई सांगायची आणि आम्ही ऐकायचो. आणखी एक, कणसं कापलेल्या रानात बैल मोकळे सोडू नकोस. ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले तर जनावराला किराळ लागते, तासाभरात जीव जातो.

आता तुझी टिक्की. निखारे एका बाजूला ओढ, दुसरी बाजू रिकामी ठेव. आधी निखाऱ्यावर दोन्ही अंगांनी रंग येऊ दे, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर झाकण घाल. उलथन्यानं दाबू नकोस, सगळा रस निखाऱ्यात जातो. खिम्याची असेल तर आत लाली राहू देऊ नकोस, कारण मटणाचा खिमा करताना बाहेरची घाण आतपर्यंत जाते. आणि माझं ऐकशील तर ताजा हुरडा जाडसर ठेचून, हिरवी मिरची, लसूण, जिरं आणि मूठभर बेसन घालून टिक्की कर. आम्ही याचंच थालीपीठ लावतो, तू पावात घाल. ही मात्र तव्यावर भाज, तव्याला आधी तेल लाव. जाळीवर ही टिक्की फुटते.

शेवटचं, भाजलेला हुरडा उरला तर उन्हात खडखडीत वाळव. उसळीला होतो, दळून थालीपिठाला होतो. आपल्याकडं ही सोय हौसेची नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात जातात. ज्यांनी ज्वारी पेरली तीच हुरड्याला गावात नसतात. तुझे धाकटे काका-काकू यंदाही गेलेत, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येतील. त्यांच्या वाळवलेल्या हुरड्याचा डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवलाय. तू आलास तरी त्याला हात लावायचा नाही.