प्राचार्यपदासाठी कोणती पीएच.डी.?

प्रश्न : मी अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. पुढे प्राचार्य व्हायचे आहे. शैक्षणिक नेतृत्वात पीएच.डी. करू का? अमेरिकेतली ऑनलाइन एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) चालेल?

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., 15 वर्षांचा अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव आणि किमान 10 शोधनिबंध लागतात. शिवाय आधी सहयोगी प्राध्यापक व्हावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्या पदासाठी पीएच.डी. आपल्या किंवा संलग्न विषयातली हवी. शैक्षणिक नेतृत्वातली, म्हणजे शिक्षणशास्त्रातली पदवी वाणिज्यासाठी ग्राह्य धरतील, या भरवशावर एवढी वर्षे घालवू नका.

माझे स्पष्ट मत : पीएच.डी. वाणिज्यातच करा, पण विषय महाविद्यालयाच्या कारभाराचा निवडा. अनुदानित महाविद्यालयांचे अर्थकारण, स्वायत्ततेनंतरचा खर्च, तासिका तत्त्वावरच्या नेमणुका. यावर काम केलेली व्यक्ती प्राचार्यांच्या खुर्चीत बसली, तर शिक्षकांचे आणि मुलांचेही भले होईल. मार्गदर्शक मात्र असा विषय मनापासून घेणारा शोधा.

एड.डी. अमेरिकेत प्रशासकांसाठी चांगली आहे. पण इथल्या नेमणुकीसाठी ऑनलाइन पदवीवर पैसे घालवू नका. यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान 3 वर्षे लागतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. त्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आधीच मागून ठेवा.