दिवाळीनंतर पटावर नसलेली मुलं

पेण

चि. सोनू,


रोह्याहून पाठवलेला अहवाल वाचला. दिवाळीनंतर वाड्यांवर कुपोषित मुलांचं प्रमाण घटलं असं लिहून तू त्याचं श्रेय पोषण आहाराला दिलंस. ते वाक्य तूर्त काढून ठेव.

दिवाळी झाली की आपल्याकडची कातकरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जगायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लहान मुलं सोबतच जातात. समज, वाडीत ४० मुलं आहेत, त्यांतली १० कुपोषित. म्हणजे २५ टक्के. या ४० मधली २० भट्टीवर गेली आणि त्यांत ८ कुपोषित होती. मागे उरलेल्या २० मुलांत कुपोषित दोनच, म्हणजे १० टक्के. एकाही मुलाचं वजन पाव किलोनंही वाढलेलं नाही, तरी टक्केवारी निम्म्याहून खाली आली. घरात दाणा नाही म्हणून जी कुटुंबं जातात, त्यांचीच मुलं तुझ्या तक्त्यातून गळली. मला याचा फार त्रास होतो, कारण असा तक्ता वर गेला की त्या वाडीकडे कुणी फिरकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला (२०१९-२१) रायगड जिल्ह्याचा कुपोषणाचा आकडा तू थेट रोहा तालुक्याला लावलास, तेही चुकलं. तिथला नमुना जिल्ह्यासाठी निवडलेला असतो, तालुक्यासाठी नाही. पंधरा तालुक्यांच्या त्या एका आकड्यात पनवेलच्या सोसायट्याही आल्या आणि डोंगरातल्या वाड्याही.

धाटावच्या लोकांच्या खोकल्याचं खापर तिथल्या कारखान्यांवर फोडण्याचीही घाई नको. कारखान्यांचा धूर कारण असू शकतो, त्यांची वकिली मी करत नाही. पण चुलीपुढे बसणाऱ्या बायका किती, विडी ओढणारे किती, म्हातारी माणसं किती, हे धाटावात आणि दूरच्या गावांत सारखं धरून ताडल्याशिवाय बोट दाखवता येत नाही. कच्ची तक्रार पहिल्याच बैठकीत मोडून काढतील आणि खोकणारी माणसं खोकतच राहतील.

आता एवढं कर. अंगणवाडीताईंच्या नोंदवहीवरून स्वतःची यादी बनव आणि प्रत्येक नावापुढे मूल कुठे गेलं, कधी परतलं, हे दोन रकाने वाढव. आशाताईंना घरं तोंडपाठ असतात, त्यांना विचार. जूनमध्ये कुटुंबं परतली की त्याच मुलांची वजनं-उंची घे आणि दिवाळीआधीच्या त्यांच्याच नोंदींशी ताडून बघ. यादी तयार झाली की घेऊन ये, आपण दोघं मिळून तपासू.

तुझा,
काका