सगळ्यांच्याच मांडीवर बसणारी लेक

अगं, दत्तक घ्यायच्या लेकीला भेटून आलीस तेव्हा फोनवर किती खुशीत होतीस! ‘ताई, पहिल्याच भेटीत मांडीवर येऊन बसली, मला आई म्हणाली.’ तुझ्या आनंदावर विरजण घालायचं नाहीये मला, पण हे ऐकून घे. घरात वाढलेलं अडीच वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे दडतं. शिशुगृहातली बरीच पोरं मात्र दारात येईल त्याला बिलगतात. पाहुणा काय, तपासणीला आलेल्या बाई काय, सगळे सारखेच. ती माया नव्हे गं, अजून तरी. तिथे पाळी संपली की मावशी बदलते. सकाळी जिनं भरवलं, ती रात्री झोपवायला नसते. मावश्या वाईट नसतात, पण हात दोन आणि लेकरं ढीगभर. एकाच्या बाटलीला उशीचा टेकू लावून दुसऱ्याकडे धावावं लागतं. रडून कुणी येत नाही म्हटल्यावर पोर रडायचंच सोडतं. आणि लोक म्हणतात, किती गुणी!

हे नुसतं माझं म्हणणं नाही. रुमानियात १९८९ साली हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. पुढे बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी अशा १३६ मुलांतली निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली. साडेतीन वर्षांची होईतो त्यातल्या जवळपास निम्म्यांची घरच्या माणसाशी भरवशाची जवळीक जुळली होती. संस्थेतच राहिलेल्यांत पाचांत एकाचीही नाही. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं जास्त भरून निघालं. लगेच तोंड पाडू नकोस, उशिरा गेलेल्यांनाही घराचा फायदा झालाच. कुणाच्याही मागे जायची सवय मात्र चिवट. चांगलं घर मिळूनही काहींची वर्षानुवर्षं जात नाही.

म्हणून पहिले काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं तुम्ही दोघांनीच करायचं. पाहुण्यांनी उचलून घ्यायचं नाही, पूजा आणि जेवणावळी नंतर. सासूबाई रुसतील, त्यांच्याशी मी बोलते. उशीखाली पोळीचा तुकडा सापडला तर ओरडू नकोस. तिचा हात पोचेल असा खाऊचा डबा ठेव. रात्री ती हाक मारेलच असं नाही, नुसती चुळबुळ ऐकू आली तरी ऊठ. आणि तू ऑफिसला निघालीस की दारात लोळण घेऊन रडायला लागली, तर आधी मला कळव. पेढे घेऊन येते! जाणारं माणूस आपलं आहे हे कळल्याशिवाय पोर असं रडत नाही.

नाव बदलायचा घाट घालू नका. तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच तर आहे. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला सामाजिक कार्यकर्त्या येतील, त्यांना ‘सगळं छान’ म्हणत पोहे खिलवून पाठवू नकोस. जे अडतंय ते सांग.

आणायला जाशील तेव्हा मावश्यांशी निवांत बोल. कुठल्या कुशीवर झोपते, भात कालवलेला लागतो की कोरडा, कशाला घाबरते, सगळं लिहून घे. फाइलमध्ये वजन आणि लसी असतात, हे नसतं.