चाल लिहून ठेवताना : स्वरलेखनाचा एक पाठ

आपल्या वसतिगृहाच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. 14 एप्रिलच्या आदल्या रात्री म्हटला जाणारा पाळणा तिच्यात उतरवलेला आहे. स्वयंपाकघरात आयुष्याची उमेदीची वर्षे भाकऱ्या थापण्यात घालवलेल्या आजींकडून एका तुकडीतील मुलींनी तो ऐकून लिहून घेतला. पाच कडवी आहेत, अक्षर सुवाच्य आहे आणि वर डाव्या कोपऱ्यात दोन शब्द आहेत : ‘चाल – नेहमीची’. आजी आता हयात नाहीत. स्मरणिकेच्या निमित्ताने हा पाळणा मुलांकडून पुन्हा बसवून घ्यावा असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले, तेव्हा लक्षात आले की नेहमीची म्हणजे कोणती हे सांगणारे माणूस शाळेत उरलेले नाही.

त्या मुलींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे केले तेच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. जयंतीच्या दिवशी मैदानाबाहेर पथारीवर मिळणाऱ्या भीमगीतांच्या पुस्तिका आठवाव्यात. गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या चित्रपटगीताचे नाव दिलेले असते. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांतही पदावर अशीच एखाद्या परिचित गाण्याची खूण असे. ही खूण म्हणजे एक प्रकारचे स्वरलेखनच होय. मात्र ते उधारीचे असते. ज्या गाण्याकडे बोट दाखवले ते गाणे लोकांच्या ओठांवर आहे तोवर खूण बोलते. ते विसरले गेले की खाली छापलेले गीत मुके होते. शब्द राहतात, गाणे जाते.

युरोपातील मठांनाही नवव्या-दहाव्या शतकांत हीच अडचण होती. स्तोत्राच्या शब्दांवर चढ-उताराच्या बारीक रेघा काढल्या जात, पण त्या रेघा ज्याला चाल आधीच ठाऊक आहे त्यालाच उपयोगी पडत. अकराव्या शतकात इटलीतील ग्वीदो या भिक्षूने आडव्या रेषा आखून प्रत्येक रेषेला निश्चित स्वर दिला, तेव्हा कधीही न ऐकलेले गाणे केवळ कागद पाहून म्हणणे शक्य झाले. आज ‘डो रे मी’ म्हणून जे शिकवतात त्याचे मूळ त्याच्याच अक्षरांत आहे. आपल्या परंपरेत याहून जवळचा दाखला आहे. बुद्धवचन शतकानुशतके भाणकांच्या कंठात होते. दुष्काळ आणि युद्धांनी भिक्खूंची संख्या घटली, तेव्हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलोक विहारात त्रिपिटक ताडपत्रांवर उतरवले गेले. महानिद्देस हा ग्रंथ एके काळी एकाच भिक्खूला मुखोद्गत उरला होता, अशी नोंद अट्ठकथेत आहे. वर्गात हा प्रसंग आम्ही अनेकदा सांगितला. आपल्याच स्वयंपाकघरात तो घडत असताना मात्र तो आम्हांला दिसला नाही.

भारतात स्वर लिहिण्याची कल्पना नवी नव्हती. तामिळनाडूत कुडुमियान्मलै येथे सातव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख आहे; त्यावर चक्क स्वराक्षरे कोरलेली आहेत. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही स्वरांकित नमुने आहेत. पण ग्रंथ संस्कृतात; वाचणारे कोण आणि वाचायची मनाई कोणाला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. प्रत्यक्ष गाणे घराण्याच्या उंबऱ्याआत राहिले. चीज म्हणजे घरातले सोने. मुलाला द्यावी, जावयाला हुंड्यात द्यावी, परक्याला देऊ नये.

हा उंबरा ओलांडण्याचे काम मुख्यतः तीन ठिकाणांहून झाले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वतःच्या लिपीत गाणी लिहून शिकवली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. अशा माणसाने डोळ्यांनी वाचायची स्वरलिपी सिद्ध करावी आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती वर्गात चालवावी, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. तिसरे मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे (1860–1936). पेशाने वकील. ते देशभर हिंडले, उस्तादांना विनवून, मन वळवून, कधी पदरचे खर्चून त्यांनी बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. ही मालिका मुळात मराठीत निघाली. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथही मराठीतच आहे, आणि तो गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेला असल्यामुळे शिक्षकाने एकदा तरी चाळावा असा आहे. 1916 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली. पुढच्याच वर्षी त्याच शहरात नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. दोन्ही घटना एका पानावर मांडल्याशिवाय त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. आज आपल्याकडे भातखंडे पद्धत अधिक रूढ आहे. ती शिकायला एक दुपार पुरते, मग सराव. शुद्ध स्वराला काहीही चिन्ह नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकातील स्वराखाली बिंदू, तार सप्तकातील स्वरावर बिंदू. (पलुस्कर पद्धतीत बिंदू वर आला तर स्वर मंद्र समजतात. दोन्ही पद्धतींची पुस्तके शेजारी ठेवून बसणाऱ्याची फसगत होते, आमचीही झाली.) स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ, अक्षर लांबवायचे तर अवग्रह. एकाच मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कमान. तालाचे विभाग उभ्या रेषांनी तोडायचे. समेला फुलीचे चिन्ह, खालीला शून्य. सहा मात्रांच्या दादऱ्यातला हा नमुना पाहा :

स्वर : सा रे ग | म ग रे
शब्द : रे ऽ डी | गा ऽ व
ताल : × – – | 0 – –

सातवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलाने लगेच शंका काढली : ‘सर, रेडीतला रे तर सा वर आला!’ शंका अगदी योग्य होती. वरच्या ओळीतला ‘रे’ हे स्वराचे नाव आहे, खालच्या ओळीतला ‘रे’ हे गावाच्या नावाचे अक्षर. येथे ते अक्षर षड्जावर सुरू होऊन ऋषभावर लांबते. हे दोन ‘रे’ ज्या दिवशी वेगळे दिसू लागले, त्या दिवशी मुलाला स्वरलिपी वाचता येऊ लागली असे समजावे. वाचण्याचा क्रमही ठरलेला असावा : आधी हातावर टाळी-खाली, मग नुसते स्वर, शब्द सर्वांत शेवटी. मुले नेमकी उलट करतात.

या लिपीला मर्यादा आहेत. स्वरांमधली मींड, कंठाचा हेलकावा, श्वास कुठे घेतला, हे कागदावर फार थोडे उतरते. मोबाइल असताना ही यातायात कशाला, असेही विचारले जाते. ध्वनिमुद्रण अवश्य करावे. पण ध्वनिमुद्रणात एका व्यक्तीचे एका दिवसाचे गाणे असते. त्यात चाल कोणती आणि त्या दिवशीची तब्येत कोणती, हे वेगळे काढण्यासाठी कोणीतरी कान देऊन बसावे लागते. ते बसणे म्हणजेच अभ्यास. लिहून घेताना प्रत्येक मात्रेला निर्णय करावा लागतो, आणि त्यामुळेच गाणे समजते.

अधिक गंभीर प्रश्न निराळा आहे. भातखंड्यांच्या सहा भागांत ध्रुपद आहे, ख्याल आहे, तराणा आहे. लावणी, पोवाडा, जात्यावरची ओवी यांना त्यांत जागा नाही. त्यांचे उपकार आम्ही मानतो. चिजांचा उंबरा त्यांनी ओलांडला, पण लिहिण्याजोगे गाणे कोणते हे ठरवणारा दुसरा उंबरा तसाच राहिला. 1930 च्या दशकापासून गावोगाव चळवळ पोहोचवणाऱ्या आंबेडकरी जलशांची माहिती भीमराव कर्डकांनी लिहून ठेवली म्हणून आपल्याला मिळते. वामनदादा कर्डकांचे (1922–2004) शब्द ग्रंथरूपाने आले. चाली बहुतांशी गायन पार्ट्यांच्या गळ्यातच राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि पुष्कळांचे ध्वनिमुद्रणही झाले. त्यांचे स्वर लिहिण्याचे काम संगीत शिकलेल्या आपल्या मुलामुलींचे आहे.

लिहिणाऱ्याच्या हाताला काय मोल येते, हे पाहायला रेडीहून लांब जावे लागत नाही. आपल्या हद्दीला लागून तेरेखोलचा किल्ला आहे. नदीच्या अलीकडे असूनही तो गोव्यात मोडतो. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाच रेषांवरचे स्वर वाचायला शिकवले जात. तीच मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. संगीतकार चाल गुणगुणत आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे वादक ती प्रत्येक वाद्यासाठी वेगवेगळ्या कागदांवर उतरवत. पडद्यावर नाव बहुधा संगीतकाराचेच मोठे असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांनी तर 1958 मध्ये भारतीय रागांवर स्वतः स्वरलेखन करून मोठा वाद्यवृंद उभा केला. लोकांना त्यांचे नाव ठाऊक झाले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या 1977 मधल्या एका चित्रपटगीतामुळे. गाणे सर्वांच्या ओठी, आणि नाव खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना माहीत.

पुन्हा निळ्या वहीकडे येतो. आजींचा पाळणा लहानपणी ऐकलेल्या तीन माजी विद्यार्थिनींना आम्ही गाठले. एकीने फोनवर म्हणून दाखवला, दोघी दिवाळीच्या सुट्टीत रेडीला आल्या. ताल तिघींचाही दादराच. पहिल्या ओळीत एकीचा गंधार शुद्ध, दोघींचा कोमल. आमच्यातील संगीतशिक्षकांचे मत पडले की कोमलच असणार, बहुमत तसे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे पटण्यासारखे नव्हते. जुन्या पोथ्यांचे पाठभेद मतदानाने सुटत नाहीत. आजींनीच वेगवेगळ्या वर्षी वेगळे म्हटले असेल. त्यांचा आवाज वयोमानाने खाली आला होता हेही तिघींना आठवते. शेवटी दोन्ही पाठ लिहिले आणि प्रत्येकासमोर गाणारीच्या तुकडीचे वर्ष घातले. माथ्यावरचे ‘चाल – नेहमीची’ तसेच ठेवून त्याखाली आजींचे नाव लिहिले. वहीत ते कुठेच नव्हते.

चार कडवी पूर्ण झाली आहेत. पाचव्या कडव्यात चाल बदलते आणि वर चढते, एवढे तिघींनाही नक्की आठवते. पुढचे स्वर मात्र एकीलाही लागेनात. कार्यालयातील फाइलमध्ये ती ओळ सध्या अशी आहे :

स्वर : प – ध | . . . | . . . | ग रे सा

मधल्या सहा मात्रा ज्यांना आठवत असतील त्यांनी शाळेत यावे, किंवा म्हणून पाठवावे. सूर चुकला तरी चालेल, पेन्सिलीने लिहू.